निरोगी दिसणारा भाग

घोडेगाव
१२ नोव्हेंबर २०२४

अक्षदा,

पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी मुद्दाम माझं नाव घातलं नाही, आरोग्य केंद्राचा पत्ता घातला. माझं नाव वाचून तू ते तसंच परत धाडलं असतंस. दीड वर्ष झालं, माझा फोन तुला लागत नाही. तू नंबर बंद करून ठेवलास हे कळायलाच मला दोन महिने गेले. तोवर मी सगळ्यांना सांगत होते की बंगळूरला तिच्या प्रयोगशाळेत रेंज नसते. लोक मान डोलवायचे. त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

तर कळवायचं ते हे, की तुझ्या दादांच्या मेंदूत गाठ निघाली. उजव्या बाजूला. २३ ऑक्टोबरला पुण्यात ऑपरेशन झालं. गाठीचं नाव मी तुला काय सांगायचं? चौथ्या पायरीची, सगळ्यात वाईट. बारा वर्षं तू जिच्यावर काम करतेस तीच.

ऑगस्टपासून डोकं दुखायचं. मी आरोग्य केंद्रात औषधं देते हे तुला ठाऊक आहे. सहा आठवडे मी त्यांना घरच्या घरी गोळ्या दिल्या. आधी पित्ताच्या, मग डोकेदुखीच्या, मग झोपेच्या. वाचताना तू काय म्हणालीस ते मला इथं ऐकू आलं. म्हण.

डावी चप्पल पायातून निघून पडायची आणि ते तसेच चालत राहायचे. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची. मी म्हटलं, भाजी आवडली नसेल. मग दुकानात ते प्रकरण झालं. डिंभ्याच्या एका शेतकऱ्याची पाण्यातली मोटर जळून आली होती. जुन्नरहून तांब्याची तार घेऊन येतात ते अजीजभाई त्या वेळी दुकानात होते, त्यांनीच मला सांगितलं. दादांनी मोटरीत नवी तार भरली, दोरा बांधला, वार्निशाचा डबा उघडला.

अजीजभाई म्हणाले, "सुदर्शनभाऊ, आधी पुरी तर भरा."

"भरली की."

"अहो, ही डावी बाजू रिकामी आहे. एक तार नाही इकडं."

"कुठली बाजू?"

अजीजभाईंनी त्यांचं बोट धरून त्या रिकाम्या खाचांत घातलं. बोटाला लागलं तेव्हा दादांना कळलं, आणि ते खाली बसले. सव्वीस वर्षं मोटारी भरणारा माणूस. त्याला अर्धी मोटर दिसत नव्हती आणि दिसत नाही हेही कळत नव्हतं.

पुण्याच्या डॉक्टरबाई चांगल्या आहेत, तुझ्याच वयाच्या. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्यांच्याकडची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. त्यात लिहिलं होतं की गाठीबरोबर गाठीभोवतीचा निरोगी दिसणारा भागही थोडा निघेल आणि तो जनुकांच्या तपासणीसाठी, संशोधनाला, पाठवला जाईल. मी विचारलं, निरोगी आहे तर काढता कशाला? ती म्हणाली, काठ मोकळा करताना थोडा निघतोच, एरवी तो टाकूनच देतात. मग मी खाली संस्थेचं नाव वाचलं. बंगळूर. तुझी संस्था, तुझा विभाग.

मी सही केली. आई गेल्या त्या सकाळी तू फोनवर देहदानाचं विचारलं होतंस, ते झालं नाही. आता हे झालं. तुझ्या भावाचा तुकडा बर्फात घालून तुझ्या दारात आला असेल. बाकीचा भाऊ इथं ओट्यावर बसला आहे, डोक्याला सव्वीस टाके घेऊन, आणि तुझी वाट बघत नाही असं दाखवतो आहे.

वहिनी

घोडेगाव
१९ जानेवारी २०२५

अक्षदा,

पहिल्या पत्राची पोच आली. सही तुझीच आहे, सहीतली ती 'क्ष' ची शेपटी मीच तुला वहीवर गिरवून शिकवली होती. म्हणजे पत्र तुला मिळालं, तू वाचलंस आणि गप्प बसलीस. बरं.

किरणांच्या तीस फेऱ्या झाल्या. आम्ही दीड महिना पुण्यात खोली घेऊन राहिलो, परवा परत आलो. कानाच्या वरचे केस तळव्याएवढे गेले आहेत. डावा हात उचलतात, पण सांगावं लागतं, "अहो, डावा हात." मग त्यांना आठवतं की तो आहे. दुकान अजीजभाईंनी आठवड्यातून दोन दिवस उघडं ठेवलं आहे. कालव्याला पाणी सुटलं की मोटारी जळतात आणि लोक येऊन विचारतात, भाऊ कधी बसणार?

काल हौशीरामकाका भेटायला आले. चुलतसासरे असले तरी त्यांच्यासमोर मी बसते आता, उभं राहायचे दिवस गेले. चहा घेता घेता ते म्हणाले,

"वृषाली, आमाला आता उमगलं बघ. साळुवैनीच्या दहाव्याला सुदर्शन जे बोलला ना, ते त्याचं न्हवतंच. गाठ बोलत व्हती ती."

बायकांनी लगेच उचलून धरलं. बघ बाई, एवढा गरीब माणूस, उगीच का बोलेल? सगळ्यांना हलकं वाटलं. मलाही. दादा माझ्याकडं बघत राहिले. गोळ्यांनी नजर अशी एका जागी ठरते म्हणे.

आईंच्या दहाव्याची तुला आठवण करून द्यायला नको, पण लिहितेच. घाटावर शंभरेक माणसं होती. तू पिंडाला नमस्कार करायला वाकलीस आणि दादा म्हणाले, "हात लावू नको. जिती व्हती तवा तीनदा आलीस, पावण्यासारखी. आता कशाला आलीस? तुला आई नको व्हती. तुला तिचं डोकं पायजे व्हतं." तू उभी राहिलीस, कुणाकडं पाहिलं नाहीस, बॅग घेऊन रस्त्यापर्यंत चालत गेलीस. कुणी तुझ्यामागं आलं नाही. मीही आले नाही.

आता ऐक. किरणं संपल्यावर मी डॉक्टरबाईंना विचारलं, ही गाठ आई गेल्या तेव्हा, मार्च तेवीसमध्ये असेल का? त्या म्हणाल्या, "नाही हो. ही फार भराभर वाढते. ऑपरेशनच्या चार-सहा महिने आधी फोटो काढला असता तर कदाचित काहीच दिसलं नसतं." मला वाटलं, संपलं. पण जाता जाता त्या म्हणाल्या, "गाठ नसेल, पण भोवतालचा मेंदू कधीपासून बदलत होता हे मला सांगता येणार नाही. दिसायला तो निरोगीच असतो. सूक्ष्मदर्शकाखालीही. जनुकं तपासली की त्यात गाठीतलेच काही बदल निघतात. म्हणून तर आम्ही गाठ पुरी काढली असं म्हणतो आणि ती परत येते."

"मग तोही भाग काढून टाका ना."

"तो काढला तर हात जाईल, मग पाय. आणि कुठवर काढणार? काठाच्या पलीकडंही काठ असतोच."

तर माझा एकच प्रश्न. तो नमुना तुझ्याकडं आहे. त्यात बघून सांग, मार्च तेवीसमध्ये तो भाग बदललेला होता का? दादा त्या दिवशी दादा होते की नव्हते? हे मी तुझ्यासाठी विचारते आहे. तुझ्या मनातली अढी निघून जावी म्हणून. तू एवढं शिकलीस, एवढं तर सांगता येईल. दोन ओळींत सांग. मी त्या ओळी हौशीरामकाकांना वाचून दाखवीन, सगळ्यांना दाखवीन.

त्या माणसाच्या तोंडी असे शब्द कुठून यावेत? तुझ्या बारशापासूनच्या दादाला तू ओळखतेस. तूच सांग.

वहिनी

घोडेगाव
२ मार्च २०२५

अक्षदा,

तुझं पत्र आलं. दोन पानं. पोस्टमन गोरख म्हणाला, "वहिनी, बंगळूरचं हाय, पेढे कधी?" त्याला वाटलं तुला मूलबाळ झालं.

पहिल्या पानावर तू लिहितेस की नमुने तुमच्याकडं नंबरानं येतात, नावानं नाही. दादाचा कुठला हे तुला माहीत नाही आणि माहीत करून घेणं नियमात बसत नाही. माझं पहिलं पत्र आल्यावर तू तीन दिवस प्रयोगशाळेत गेली नाहीस, कारण डबा उघडताना प्रत्येक नळी त्याचीच वाटत होती. हे वाचून मी थोडा वेळ पत्र खाली ठेवलं. मला वाटलं होतं तुला काही वाटलं नसेल.

पुढं लिहितेस, काही रुग्णांत गाठीपासून दूरच्या, चांगल्या दिसणाऱ्या भागातही असे बदल सापडतात, म्हणजे सुरुवात आधी झालेली असू शकते, काही वर्षंसुद्धा. पण किती आधी हे एका तुकड्यावरून कुणीही सांगू शकत नाही. "आणि वहिनी, पेशीत बदल असणं म्हणजे माणसाचा स्वभाव बदलणं नव्हे. तो बदललेला भाग वर्षानुवर्षं निमूट काम करत असेल. मी हो म्हटलं तर ते खोटं होईल."

म्हणजे तुला हो म्हणता आलं असतं. सोपं होतं. आमच्यातल्या कुणाला तुझं खोटं पकडता आलं असतं? तू नाही म्हटलंस.

दुसरं पान मी पाचसहा वेळा वाचलं. "मला ते गाठीचं बोलणं नकोय. गाठ बोलली असेल तर दादा मला दीड वर्ष आधीच गेला, आणि मी एका आजारावर रुसून बसले होते. ते मला सोसणार नाही. दादा बोलला असेल तर मी त्याच्याशी भांडू शकते. त्याला माफ करू शकते. ते बोलणं त्याचंच राहू दे, वहिनी."

छान लिहिलं आहेस. तुला नेहमीच छान लिहिता यायचं, शाळेत निबंधाला तूच पहिली. पण तुझ्या भावावर एवढा मोठा दोष ठेवून तुला बरं वाटतं, याचं मला आश्चर्य वाटतं. आजारी माणसाला मोकळं करायला लोक वाट्टेल ते करतात. तुला एक ओळ लिहायची होती.

माझा नंबर चालू केलास असं म्हणतेस. रविवारी अकराला फोन कर, त्या वेळी ते ताजेतवाने असतात. फार जुनं काढू नकोस. त्यांना थकवा येतो. आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवावा लागेल, डाव्या कानाला धरलेला त्यांना कळत नाही.

वहिनी

घोडेगाव
१४ ऑगस्ट २०२५

अक्षदा,

दर रविवारी आपण बोलतो, तरी हे पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मला मोकळं बोलता येत नाही. ते जवळच बसलेले असतात.

परवाचा फोटो वाईट आला. जुन्या जागेच्या अगदी काठाला लागून नवी गाठ आहे. ज्या भागाचे तुकडे तू तपासतेस, तिथूनच उगवली. डॉक्टरबाईंनी फोटो उजेडावर धरला आणि बोट फिरवलं. ऑक्टोबरमध्ये हा सगळा पट्टा स्वच्छ दिसत होता, म्हणाल्या. आता पुन्हा ऑपरेशन करू नये असं त्यांचं मत आहे. गोळ्या बदलल्या आहेत. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुला आकडे पाठ असतील. मला सांगू नकोस.

मार्चमधला तुझा पहिला फोन मला रोज आठवतो. तू "दादा" म्हणालीस आणि ते म्हणाले, "अक्षे, मी तुला घाटावर लई वाईट बोललो. मला आठवतं सगळं. माफ कर." तू रडलीस, ते ऐकत राहिले. मी शेजारी बसून लसूण सोलत होते. मधूनच त्यांनी मला विचारलं, "वृषाली, पाणी देतीस का?" आणि मी उठले.

आता तू गणपतीला रजा काढून येते म्हणतेस. येऊ नकोस. मनाला लावून घेऊ नकोस, पण येऊ नकोस. ते आता माणसं ओळखत नाहीत. कधी मला साळुबाई समजून आई म्हणतात, कधी अजीजभाईंना शिव्या देतात. तू दारात उभी राहशील आणि ते विचारतील, ही कोण? तुझ्या मनात त्यांचा मार्चमधला आवाज आहे. तोच राहू दे.

दिवाळीनंतर बघू. नव्या गोळ्यांनी थोडा फरक पडेल असं म्हणतात. तोवर रविवारचा फोनही मला कर. त्यांना त्या वेळी झोप लागलेली असते.

इथं पाऊस बरा आहे. कांद्याच्या रोपांचं बघायला माणूस लावला आहे. तू काळजी करू नकोस, मी सगळं करते आहे. आईंचं केलं तसंच.

वहिनी

घोडेगाव
२१ नोव्हेंबर २०२५

अक्षदा,

परवा तू फोनवर म्हणालीस, "वहिनी, तू तिथं एकटी राहून काय करणार? डिसेंबरात माझ्याकडं ये, हवं तेवढं राहा." मी बघते म्हटलं. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण मला फोनवर ते जमलं नसतं. कागदावर तू मध्ये काही विचारू शकत नाहीस, म्हणून कागद घेतला.

आईंच्या दहाव्याला दादा तुला जे बोलले ते माझे शब्द होते.

एक एक शब्द. "जिती व्हती तवा तीनदा आलीस" हे मी म्हटलं होतं, आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, चुलीपाशी. "पावण्यासारखी" हे तिसऱ्या दिवशी. "तिला आई नको होती, तिचं डोकं पाहिजे होतं" हे मी चौथ्या दिवशी म्हटलं आणि मला ते इतकं आवडलं की नवव्या दिवसापर्यंत रोज म्हणत राहिले. ते ऐकून घ्यायचे. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. नवव्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, "पुरे की आता, वृषाली. धाकटी हाय ती." मी म्हटलं, "तुम्हाला बहिणीपुढं तोंडच नाही." दुसऱ्या दिवशी घाटावर त्यांनी तोंड उघडलं.

तू देहदानाचं विचारलंस ते उगीच विचारलं नव्हतंस. आईंनी तुला तसं सांगितलं होतं. मला माहीत होतं, कारण त्या बोलल्या तेव्हा मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. "मी मेल्यावर माझं डोकं अक्षीला दे, तिच्या कामाला येईल," असं त्या म्हणाल्या आणि हसल्या. अर्धांगवायूनं अर्धं तोंड वाकडं होतं तरी हसल्या. दादांना मी ते कधीच सांगितलं नाही. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की ती कल्पना तुझी.

का केलं ते विचारशील. चौदा महिने मी अंथरुणाला खिळलेल्या आईंचं सगळं केलं, त्याचा राग म्हणशील, तर तो होताच. पण तेवढंच नव्हतं. मी या घरात आले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. तुझ्या वेण्या मी घातल्या. तुझी पाळी आली तेव्हा तू आईंकडं गेली नाहीस, माझ्याकडं आलीस. आम्हाला मूल झालं नाही, पण मला त्याची उणीव कधी वाटली नाही, का ते तुला कळलं पाहिजे होतं. मग तू गेलीस, शिकलीस, मोठी झालीस. दर रविवारी फोन करायचीस आणि विचारायचीस, आई कशी आहे? आईनं खाल्लं का? आईला पाठीला जखम तर नाही ना? चौदा महिने. वहिनी, तू कशी आहेस, असं तू एकदाही विचारलं नाहीस. मी वाट बघायचे. दर रविवारी फोन ठेवला की मी मोजायचे, आजही नाही.

एवढंसं आहे कारण. लिहिल्यावर तर आणखीच लहान दिसतं.

मग गाठ निघाली आणि गावानं मला वाट काढून दिली. हौशीरामकाका म्हणाले गाठ बोलत होती, तेव्हा दादा माझ्याकडं बघत राहिले. मी तुला लिहिलं की गोळ्यांनी नजर ठरते. नजर ठरलेली नव्हती. ते मला विचारत होते, आता तरी बोलतीस का? मी चहाचे कप उचलले.

तुला मी पत्र लिहून, तो भाग तेव्हा बदललेला होता का, असं विचारलं. तुझ्यासाठी म्हणाले. तू हो म्हटलं असतंस तर ते शब्द ना त्यांचे राहिले असते ना माझे. तू खरं लिहिलंस, म्हणून मी तुझ्यावर चिडले.

याच्या पुढचं जास्त वाईट आहे. ऑगस्टमध्ये मी लिहिलं, ते माणसं ओळखत नाहीत. खोटं होतं. मला कधी आई म्हटलं नाही त्यांनी. अजीजभाईंना शिवी दिली नाही. डावी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, पण माणूस शाबूत होता. रविवारी अकराला ते घड्याळाकडं बघायचे. मी फोन घेऊन मागं गोठ्यात जायचे आणि तुला सांगायचे, झोपलेत. परत आले की विचारायचे, "अक्षी व्हती?" मी म्हणायचे, "नाही, आरोग्य केंद्रातून होता." मला भीती होती की तू समोर बसलीस तर ते बोलून जातील. मेंदू असा झालेला, काय निसटेल कोण जाणे.

दसरा झाल्यावर चार दिवसांनी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी उजव्या हातानं माझं मनगट धरलं. शब्द सुटे सुटे यायचे, पण नीट यायचे.

"तू तिला येऊ देत न्हाईस ना?"

मी चमचा वाटीत ठेवला.

"मी सांगणार न्हाई गं. उगाच भ्यालीस."

"काय सांगणार नाही?"

"वृषाली." त्यांनी मनगट सोडलं नाही. "शब्द कुणाचं का असंना. तोंड माझं व्हतं. मीच बोललो. बोलव तिला. माझ्यामागं तुला दुसरं कोण हाय?"

पेज गार झाली. मी त्याच दुपारी तुला फोन केला आणि सांगितलं, थोडी सुधारणा आहे, ये. तू लगेच निघते म्हणालीस. तेव्हा मीच म्हटलं, घाई नको, दिवाळीची गर्दी जाऊ दे, सावकाश ये. तेवढा महिनासुद्धा मला पाहिजे होता, कशाला ते मलाही सांगता येणार नाही. तू आठ नोव्हेंबरचं तिकीट काढलंस. ऑक्टोबरच्या शेवटी झटके सुरू झाले आणि तीन तारखेला ते गेले. शेवटचा दिवस शुद्ध नव्हती, पण त्याच्या आदल्या शनिवारी होती. शनिवारी त्यांनी मला विचारलं होतं, किती तारीख?

म्हणजे तुझा दादा तुला भेटायचा राहिला तो गाठीमुळं नाही. ऑगस्टपासून अडीच महिने तो इथं होता, तुला ओळखणारा, तुझी वाट बघणारा. मी दार लावून घेतलं होतं.

त्यांच्या दहाव्याला तू त्याच घाटावर आलीस. मला वाटलं होतं तू नदीपर्यंत येणार नाहीस. तू आलीस, पिंडाला हात लावलास, आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारून म्हणालीस, "वहिनी, तू एकटीनं किती केलंस गं." बायका डोळे पुसत होत्या. हौशीरामकाकांनी उपरणं तोंडाला लावलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं असं सगळ्यांनी पाहिलं. तूही पाहिलं असशील.

तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून मी तेव्हा काय विचार करत होते ते सांगते आणि थांबते. मला दादांची आठवण येत नव्हती. तुझीही कीव येत नव्हती. मला इतकं हलकं वाटलं होतं, अक्षदा, की पाय जमिनीला लागत नव्हते. मनात एकच गोष्ट होती. आता हे जाणणारं कुणी उरलं नाही.

वृषाली